शाकाहारी असूनही: एका निदानाला लागलेले चौदा महिने

"मॅडम, मी आयुष्यात कधी अंडंसुद्धा तोंडात घातलं नाही. मग हे मला कसं झालं?"

ऑपरेशनला चार दिवस राहिले होते, तेव्हाचा हा प्रश्न. मी कर्करोग विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो, पण या ताईंचं प्रकरण मी सविस्तर मांडायचं ठरवलं, कारण त्यांच्या बाबतीत 'शाकाहारी' या एका शब्दाने फार मोठं काम केलं होतं, आणि ते काम चांगलं नव्हतं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम आहे तसाच आहे.

वय ५४. पाळी थांबून चार वर्षं झालेली. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. तंबाखू नाही, दारू नाही. जन्मापासून शाकाहारी. निदान: मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग.

निदानाच्या चौदा महिने आधी त्यांना जिने चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.२. ज्यांच्याकडे त्या नेहमी जात, त्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "मांसाहार करता का?" उत्तर 'नाही' आलं आणि चौकशी तिथेच थांबली. शाकाहारी आहेत, लोह कमी पडणारच, असं म्हणून गोळ्या लिहून दिल्या.

हा तर्क वरवर चुकीचा नाही, म्हणूनच तो घातक आहे. वनस्पतींमधलं लोह शरीरात मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, हे खरंच आहे. पण या बाई पन्नास वर्षं शाकाहारीच होत्या. पाळी चालू असताना, दर महिन्याला रक्त जात असताना त्यांचं हिमोग्लोबिन बारापर्यंत टिकून होतं. आता पाळी थांबलेली, आहार तोच, आणि हिमोग्लोबिन घसरलेलं. म्हणजे रक्त दुसरीकडून कुठून तरी जात होतं. पाळी थांबलेल्या बाईमध्ये किंवा कुठल्याही पुरुषामध्ये लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया सापडला, तर अन्नमार्गाची वरून आणि खालून दुर्बिणीने तपासणी करावी, असं पचनसंस्थेच्या तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. त्यात शाकाहाऱ्यांना सूट नाही.

पुढे आणखी एक गोष्ट घडली. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो. ताईंना हे गोळ्या देतानाच सांगितलेलं होतं, त्यामुळे रंग बदलला तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही. "गोळी लागू पडतेय, असंच मला वाटायचं," त्या मला म्हणाल्या. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ बऱ्याचदा थेंबाथेंबाने झिरपते. ते रक्त खालपर्यंत येईतो शौचात मिसळून जातं, लाल दिसत नाही. त्या बाजूला आतडं रुंद आणि आतला मळ पातळ, त्यामुळे बद्धकोष्ठ किंवा पोटात अडथळा ही लक्षणंही उशिरा येतात. धाप आणि थकवा हीच काय ती खूण, आणि तिचं खापर आहारावर फुटलेलं.

मध्ये दोनदा गोळीचा ब्रँड बदलला. शेवटी हिमोग्लोबिन ८.९ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, फक्त ७ आल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्या गोळ्या घेऊनही कमी होतंय, तर जातंय कुठे?" पुढच्या आठवड्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. गाठ सापडली, बायोप्सीने शिक्कामोर्तब केलं.

मी दोष कुणाच्या माथी मारायला हे लिहीत नाही. मीसुद्धा कित्येक वर्षं केस पेपरवर 'शाकाहारी' या चौकोनात खूण करून पुढच्या रकान्याकडे गेले आहे.

मग खरं काय आहे?

ताईंच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी मांसाकडे बघावं लागतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये ८०० हून जास्त अभ्यास तपासून निष्कर्ष दिला: प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम यांसारखं, पहिल्या गटात, कर्करोगकारक म्हणून ठरलेलं, आणि लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या त्याखालच्या गटात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज होता. कारणंही बरीचशी समजलेली आहेत. मांस लाल दिसतं ते ज्या हीम नावाच्या लोहामुळे, ते आतड्याच्या अस्तराला त्रास देतं आणि आतड्यात नायट्रोसो संयुगं तयार व्हायला मदत करतं. टिकवण्यासाठी घातलेल्या नायट्राइटने त्यात भर पडते. शिवाय मांस थेट जाळावर करपवलं की आणखी काही घातक रसायनं तयार होतात.

इथे एक गैरसमज सगळीकडे पसरलेला आहे. तंबाखूही पहिल्या गटात आणि सॉसेजही पहिल्या गटात, म्हणजे दोन्ही सारखेच घातक, असं अनेकांना वाटतं. तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. जगभरात तंबाखूमुळे होणारे कर्करोगाचे मृत्यू वर्षाला सुमारे १० लाख. त्याच अहवालाच्या वेळी दिलेल्या अंदाजानुसार, प्रक्रिया केलेल्या मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या आहारामुळे होणारे मृत्यू सुमारे ३४ हजार.

ताईंसमोर मी कागदावर तीन आकडे लिहिले. ब्रिटनच्या आकडेवारीवरून काढलेले आहेत ते, पण मुद्दा कुठल्याही देशाला लागू पडतो. सरसकट १,००० माणसं घेतली तर त्यांतल्या सुमारे ६१ जणांना आयुष्यात कधी तरी आतड्याचा कर्करोग होतो. प्रक्रिया केलेलं मांस सर्वांत जास्त खाणाऱ्या हजारांत ६६ जणांना. आणि सर्वांत कमी खाणाऱ्या हजारांत ५६ जणांना.

त्या बराच वेळ ५६ या आकड्याकडे बघत राहिल्या. मग बोटाने त्यावर हलकेच टिचकी मारून म्हणाल्या, "म्हणजे मी यातली."

हो, यातली. हजारात दहा माणसं वाचणं ही छोटी गोष्ट नाही, एका मोठ्या शहराचा विचार केला तर ती हजारो घरं आहेत. पण जी ५६ उरली, त्यांच्यासाठी शाकाहाराचा उपयोग झाला नाही, आणि ती कोण असतील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. वय वाढत जातं तसं पेशींची प्रत काढताना चुका साठत जातात. काहींच्या जनुकांतच खोट असते, काहींच्या बाबतीत वजन, काहींच्या बाबतीत निव्वळ योगायोग.

शाकाहारी माणसांवरचे थेट अभ्यास काय सांगतात, हे ताईंच्या लेकीला जास्त जाणून घ्यायचं होतं. ती २७ वर्षांची, शिकलेली, मोबाइलवर बरंच वाचून आलेली. तिला एका ठिकाणी 'शाकाहाराने कर्करोग टळतो' असं सापडलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी 'शाकाहाऱ्यांमध्ये आतड्याचा कर्करोग जास्त'. गंमत नाही, दोन्ही वाक्यांच्या मागे खरे अभ्यास आहेत.

ब्रिटनमध्ये १९९३ पासून सुरू झालेल्या एपिक-ऑक्सफर्ड या अभ्यासाचे आकडे २००९ मध्ये आले, तेव्हा शाकाहाऱ्यांमध्ये एकूण कर्करोग थोडा कमी, पण मोठ्या आतड्याचा कर्करोग मांसाहाऱ्यांपेक्षा जास्त दिसला. तिकडे अमेरिका आणि कॅनडातल्या अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवरचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. त्यात ७७ हजारांवर माणसं होती आणि शाकाहाऱ्यांमध्ये हाच कर्करोग २२ टक्क्यांनी कमी होता. सर्वांत कमी धोका निव्वळ शाकाहाऱ्यांना नव्हता, तर एरवी शाकाहारी पण मासे खाणाऱ्यांना होता. नंतर २०२२ मध्ये यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासातल्या ४ लाख ७२ हजार लोकांचा हिशेब आला. आठवड्यातून पाचपेक्षा जास्त वेळा मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांचा कुठलाही कर्करोग होण्याचा एकूण धोका १४ टक्क्यांनी कमी, मासे खाणाऱ्यांचा १० टक्क्यांनी, आणि मांस कमी खाणाऱ्यांचा २ टक्क्यांनी कमी.

मग एवढी तफावत का? कारण शाकाहारी माणूस फक्त मांस टाळत नाही. या अभ्यासांतली शाकाहारी मंडळी सिगारेट कमी ओढतात, दारू कमी पितात, त्यांचं वजन कमी असतं. संशोधक हे सगळं आकडेमोडीत वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होत नाही. यूके बायोबँकमध्ये पाळी थांबलेल्या शाकाहारी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग १८ टक्क्यांनी कमी दिसला, आणि नीट बघितल्यावर तो फरक बराचसा त्यांच्या कमी वजनामुळे होता. मला हा सगळ्यांत बोलका निष्कर्ष वाटतो. ताटात मांस नाही म्हणून नव्हे, तर त्या ताटामुळे वजन आटोक्यात राहिलं म्हणून फायदा. वजन आटोक्यात नसेल तर शाकाहाराच्या हिशेबातली ती जमा कुणाच्याही खात्यात पडत नाही. आणि ताईंचं वजन ७१ किलो होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुलना कुणाशी. एपिक-ऑक्सफर्डमधले मांसाहारीसुद्धा तब्येतीची काळजी घेणारे, बेताचं मांस आणि भरपूर भाज्या खाणारे होते. अशांच्या शेजारी उभं राहून शाकाहारी फार वेगळे दिसणार नाहीत.

काही कर्करोगांना तर ताटाशी फारसं देणंघेणंच नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग विषाणूमुळे होतो, त्यावर लस आहे. तिथे शाकाहाराच्या भरवशावर राहणं म्हणजे लस टाळण्याला कारण शोधणं.

सात दिवसांची वही

मी प्रत्येक रुग्णाकडून सात दिवसांच्या खाण्याची नोंद मागते. आजारी पडण्यापूर्वीचा एखादा साधा आठवडा आठवून लिहा, असं ताईंना सांगितलं. त्यांनी शाळेच्या वहीत, समास सोडून, वळणदार अक्षरात लिहून आणलं. दिवसातून चार वेळा साखर घातलेला चहा, प्रत्येक वेळी दोन-तीन बिस्किटं. सकाळी पांढरा ब्रेड लोण्याशी. दुपारी पांढरा भात, बटाट्याची भाजी, पातळ डाळ. संध्याकाळी काही तरी तळलेलं किंवा पाकिटातलं खारं. फळ आठवड्यातून दोनदा. हिरवी भाजी तीनदा, तीही एक-दोन चमचे, "घरात कुणी खात नाही म्हणून". कडधान्य एकदा. दूध फक्त चहापुरतं.

हिशेब केला तेव्हा रोजचा तंतू, म्हणजे फायबर, सरासरी १३ ग्रॅम भरला. जागतिक कर्करोग संशोधन निधीची शिफारस रोज किमान ३० ग्रॅमची आहे.

हे शाकाहारी ताट आहे, यात शंका नाही. पण ज्या ताटाचा फायदा अभ्यासात दिसतो, ते हे नाही. तंतू आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न आहे. ते तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, ज्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. तंतूंनी मळ भरदार होतो, लवकर पुढे सरकतो, म्हणजे घातक पदार्थांचा अस्तराशी संबंध कमी वेळ येतो. रोजच्या दर १० ग्रॅम जादा तंतूंमागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होत असल्याचं २०११ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. कॅल्शियमचंही तसंच. ५ लाख ४२ हजार ब्रिटिश स्त्रियांवरच्या, २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात रोज ३०० मिलिग्रॅम जादा कॅल्शियममागे, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध, हा धोका १७ टक्क्यांनी कमी होता.

मी हे सांगत असताना ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच खाण्याने झालं?"

या वाक्यापाशी मी नेहमी हातातलं पेन खाली ठेवते. नाही, असं म्हणता येत नाही. १३ ग्रॅम तंतू खाणाऱ्या लाखो बायकांना हा आजार होत नाही, आणि ३० ग्रॅम खाणाऱ्या काहींना होतो. लोकसंख्येचे आकडे एका माणसावर खटला चालवायला वापरता येत नाहीत. वहीचा उपयोग मागचा निवाडा करायला नाही, पुढच्या जेवणाचं ठरवायला आहे. त्यांना हे पटायला एक भेट पुरली नाही, तीन लागल्या.

उपचारातलं खाणं

ऑपरेशन नीट झालं. गाठ आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूच्या पलीकडे पोचली होती, काढलेल्या १७ लिम्फ ग्रंथींपैकी दोनमध्ये कर्करोग होता. म्हणजे तिसरा टप्पा. तीन महिन्यांची केमो ठरली, चार सायकल, म्हणजे औषधाच्या चार फेऱ्या.

घरात सल्ल्यांचा पूर आला. एक नातेवाईक म्हणाले, शाकाहाराने वाचवलं नाही, आता मटणाचं सूप घ्या, रक्त भरेल. दुसऱ्या म्हणाल्या, दूध-दही बंद, साखर बंद, गाठीला उपाशी मारा. ताईंनी दुसऱ्यांचं ऐकलं. पहिल्या सायकलनंतर आल्या तेव्हा वजन ६५ किलो होतं. सहा किलो गेलेले बघून त्यांना आधी बरंच वाटलं होतं, कारण आयुष्यभर वजन कमी करायचंच होतं.

पण हे जाणं चरबीचं कमी आणि स्नायूंचं जास्त होतं. खुर्चीतून उठताना त्या दोन्ही हातांनी टेबलाचा आधार घेत होत्या. कर्करोगाच्या उपचारात दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे त्यांना साधारण ८० ते ९५ ग्रॅम. त्या खात होत्या जेमतेम ३० ग्रॅम. गाठ उपाशी मरत नाही, ती शरीराच्या साठ्यातून हवं ते घेते. उपाशी राहतो तो माणूस.

मटणाचं सूप लागलं नाही. दूध, दही, पनीर, सोयाबीन, डाळी, शेंगदाणे यांतून प्रथिनांचा हिशेब बसवला. थंडगार काहीच चालत नव्हतं, कारण त्या केमोच्या एका औषधाने थंड वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. फ्रिजमधून दूध काढायलाही त्या लेकीला हाक मारायच्या. म्हणून सगळं कोमट. लोह शिरेतून दिलं. बी-१२ तपासलं, कमी निघालं, तेही सुरू केलं. आणि एक गोष्ट त्यांना फार विचित्र वाटली: ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे मी तंतू कमी खायला सांगितले. जोडलेलं आतडं बरं होईपर्यंत मऊ, कमी तंतूंचं अन्न, मग हळूहळू वाढ. चांगली गोष्टही वेळेवरच चांगली.

उपचारानंतर काय, हा पुढचा प्रश्न. इथे मी जपून बोलते, कारण आहाराच्या नावाने मोठी आश्वासनं देणारे पुष्कळ आहेत. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ३,०८८ स्त्रियांवरच्या एका मोठ्या चाचणीत अर्ध्या जणींना भाज्या, फळं, तंतू यांनी भरलेला आणि कमी चरबीचा आहार दिला गेला. सात वर्षांनी, २००७ मध्ये, निकाल आला: आजार उलटण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नाही. आतड्याच्या कर्करोगात चित्र थोडं आशेचं आहे. १,५७५ रुग्णांच्या निरीक्षणात, निदानानंतर तंतू जास्त खाणारे जास्त जगले. पण ते निरीक्षण आहे, चाचणी नव्हे.

चाचणीतून सिद्ध झालेली गोष्ट वेगळीच आहे: व्यायाम, जसं चालणं. केमो संपलेल्या, आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. एका गटाला तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम, दुसऱ्याला फक्त माहितीपुस्तिका. २०२५ मध्ये छापलेल्या निकालानुसार पाच वर्षांनी आजार न उलटता जगणारे व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्या गटात ७३.९ टक्के. आहारतज्ज्ञ असून मी ताईंना ताटाआधी चालण्याच्या बुटांबद्दल विचारते ते यामुळे.

ताईंनी सुरुवात दहा मिनिटांनी केली. आता रोज चाळीस मिनिटं चालतात. वहीत तंतू २६ ग्रॅमपर्यंत आले आहेत, बिस्किटं चारवरून एका वेळेवर आली आहेत. हिमोग्लोबिन १२.४.

घरच्यांचं

ज्याच्या सख्ख्या नात्यात साठीच्या आत हा आजार झाला, त्याची कोलोनोस्कोपी चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा करायची असते. ताईंचे भाऊ ५८ वर्षांचे, तरुणपणापासून मांस खाणारे. ते आले ते अपराधी चेहऱ्याने. "खरं तर हे मला व्हायला हवं होतं," असं म्हणाले. त्यांना मी हजारातले तेच तीन आकडे दाखवले आणि तपासणीची तारीख घेऊन दिली. दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेले छोटे कोंब, निघाले, दोन्ही त्याच वेळी काढले. असा पॉलिप गाठ व्हायला बहुधा दहा-एक वर्षं घेतो, म्हणून वेळेत सापडला तर तो कर्करोग होतच नाही.

लेक शाकाहारीच राहणार आहे. प्राण्यांबद्दल वाटणाऱ्या मायेपोटी, आजाराच्या भीतीने नाही, असं तिने मला मुद्दाम सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. तिला मी एवढंच म्हटलं, की थकवा आला, धाप लागली आणि कुणी 'शाकाहारी आहात ना, मग होणारच' असं म्हणालं, तर फेरिटिनचा आकडा विचारायचा आणि रक्त कुठून जातंय हेही विचारायचं.

मागच्या भेटीत ताईंनी फाइल माझ्यासमोर उघडली. आतल्या पुठ्ठ्यावर त्याच वळणदार अक्षरात लेकीचं नाव, पुढे '४० पूर्ण, कोलोनोस्कोपी', आणि त्याच्यापुढे तेरा वर्षांनंतरचं साल लिहिलेलं होतं. शाई गडद दिसावी म्हणून त्यांनी ते साल दोनदा गिरवलं होतं.